मोटारीची उंची कमी करणे आणि तज्जन्य यांत्रिक झीज : हेदवी परिसरातील रस्त्यांच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

शोभेसाठी किंवा वेगवान गाडीचा आभास निर्माण व्हावा म्हणून मोटारीच्या स्प्रिंगा कापून वा बदलून तिची जमिनीपासूनची उंची कमी करण्याची प्रथा तरुण मोटारमालकांत रूढ झाली आहे. या बदलाने केवळ गाडीचे पोट जमिनीला घासते, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः उंची कमी होते तेव्हा स्प्रिंगला दबण्यासाठी राखून ठेवलेले अंतर कमी होते आणि रस्त्याचा धक्का स्प्रिंगऐवजी इतर भागांवर पडतो. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात असलेल्या हेदवी या गावाकडे जाणारे रस्ते समोर ठेवून, साध्या गणिताच्या आधारे ही झीज कशी व कोठे होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : सस्पेन्शन, स्प्रिंग, दबाव-अंतर, झीज, गतिरोधक, कोकणातील रस्ते.

प्रस्तावना

हेदवी हे गाव दशभुज लक्ष्मीगणेशाच्या मंदिरामुळे आणि समुद्रकाठच्या उमामहेश्वर मंदिराजवळील बामणघळीमुळे महाराष्ट्रभर परिचित आहे. माघी गणेशोत्सव, भाद्रपदातील गणेशोत्सव आणि सुट्ट्यांचे दिवस या काळात मुंबई-पुण्याकडील अनेक कुटुंबे स्वतःच्या मोटारीने या भागात येतात. गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी असा हा किनारी मार्ग गावागावांत समुद्रसपाटीजवळ उतरतो आणि पुन्हा जांभ्या दगडाच्या सड्यावर चढतो. चढ, उतार आणि वळणे यांची येथे अखंड मालिका आहे. जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. भाद्रपदातील उत्सव नेमका याच काळात येतो. खड्ड्यांनी भरलेला रस्ता आणि माणसांनी व सामानाने भरलेली गाडी यांची गाठ वर्षातून एकदा अशी हमखास पडते.

या परिसराच्या दोन्ही बाजूंस खाड्या आहेत. उत्तरेस वाशिष्ठीच्या खाडीवर दाभोळ-धोपावे आणि दक्षिणेस शास्त्री नदीच्या मुखाशी तवसाळ-जयगड अशी वाहने नेणारी फेरीबोट चालते. मोटारीला धक्क्याच्या उतारावरून बोटीच्या फळीवर आणि फळीवरून सपाट डेकवर जावे लागते. कारखान्यातून निघालेली सामान्य मोटार हे सर्व सहज पार करते. तीच मोटार चाळीस मिलिमीटर खाली आणली असता काय घडते, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

उंची कमी करण्याच्या पद्धती

मोटारीची उंची कमी करण्याचे प्रामुख्याने तीन मार्ग आढळतात. पहिला मार्ग म्हणजे त्या विशिष्ट गाडीसाठी तयार केलेल्या आखूड व अधिक ताठ स्प्रिंगा आणि त्यांना अनुरूप शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्रितपणे बसविणे. दुसरा मार्ग म्हणजे मूळ स्प्रिंगेचे एक किंवा दोन वेढे ग्राइंडरने कापून टाकणे. तिसरा व सर्वाधिक घातक मार्ग म्हणजे गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून तिला खाली बसविणे. पहिला मार्ग खर्चिक असल्याने लहान गॅरेजांतून बहुधा दुसराच मार्ग अवलंबिला जातो.

या कल्पनेमागे तांत्रिक सत्य मुळीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. शर्यतीच्या गाड्या जमिनीलगत असतात, त्याला सबळ कारण आहे. वळणावर आतील चाकांवरचा भार बाहेरील चाकांवर सरकतो आणि हे सरकणे गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणात असते. गुरुत्वमध्य ५५० मिलिमीटर उंचीवर असलेली गाडी ४० मिलिमीटर खाली आणल्यास भाराचे हे स्थलांतर सुमारे सात टक्क्यांनी घटते. परंतु शर्यतीचा मार्ग गुळगुळीत असतो, तेथील गाडीत एकच माणूस बसतो आणि तिच्या निलंबनाचा प्रत्येक भाग त्या उंचीसाठीच आखलेला असतो. हेदवीच्या रस्त्यावर यांपैकी एकही अट पूर्ण होत नाही.

दबाव-अंतर ही मूळ संकल्पना

उभ्या गाडीच्या वजनाने स्प्रिंग काही प्रमाणात आधीच दबलेली असते. चाक उंचवट्यावर चढले की ती आणखी दबते. ही हालचाल ज्या मर्यादेपर्यंत होऊ शकते, तेथे रबराचा किंवा तत्सम पदार्थाचा एक ठोकळा बसविलेला असतो. त्यास बंप स्टॉप म्हणतात. उभ्या स्थितीपासून बंप स्टॉपपर्यंत शिल्लक असलेल्या अंतरास प्रस्तुत लेखात दबाव-अंतर असे संबोधले आहे. गाडी खाली आणताना चाकाचा व्यास बदलत नाही, रस्ताही बदलत नाही. बदलते ते हे अंतर.

उदाहरणादाखल एका लहान मोटारीच्या एका चाकावर २५० किलोग्रॅम भार आहे, स्प्रिंगेचा ताठपणा २० न्यूटन प्रति मिलिमीटर आहे आणि दबाव-अंतर ८० मिलिमीटर आहे, असे गृहीत धरू. शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि टायर यांचा वाटा तूर्त बाजूस ठेवल्यास, ही स्प्रिंग ठोकळ्यास टेकण्यापूर्वी धक्क्याची ६४ ज्यूल ऊर्जा सामावून घेऊ शकते. आता या स्प्रिंगेच्या सहा कार्यक्षम वेढ्यांपैकी एक वेढा कापला आणि गाडी ४० मिलिमीटर खाली आली असे मानू. स्प्रिंगेचा ताठपणा कार्यक्षम वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून सहाचे पाच वेढे झाल्यावर ताठपणा वीस टक्क्यांनी वाढून २४ न्यूटन प्रति मिलिमीटर होतो. तथापि दबाव-अंतर निम्मे झालेले असते. स्प्रिंगेत साठणारी ऊर्जा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने नव्या स्थितीत ती केवळ १९ ज्यूलच्या आसपास सामावू शकते. अंतर निम्मे झाले, पण धक्का पचविण्याची शक्ती तिसऱ्या हिश्श्याहून खाली आली. मूळची शक्ती टिकवायची असेल, तर स्प्रिंग वीस टक्क्यांनी नव्हे, तर चौपट ताठ करावी लागेल. तशी गाडी बैलगाडीप्रमाणे आदळत जाईल.

उरलेली ४५ ज्यूल ऊर्जा नाहीशी होत नाही. ती बंप स्टॉप, शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे वरचे रबरी माउंटिंग, बुश, बॉल जॉइंट आणि गाडीच्या सांगाड्याचे जोड यांच्यावर जाते. हे भाग अधूनमधून बसणाऱ्या मोठ्या धक्क्यासाठी घडविलेले असतात. प्रत्येक खड्ड्यातील धक्का सोसणे हे त्यांचे काम नव्हे.

भरलेल्या गाडीची स्थिती

वरील गणित अंशतः भरलेल्या गाडीचे आहे. उत्सवासाठी गावी निघालेल्या गाडीत पाच माणसे आणि मागे सामान असते. या भाराचा मोठा वाटा मागील चाकांवर पडतो. मागील प्रत्येक चाकावर १०० किलोग्रॅम अधिक भार आला आणि मागील स्प्रिंगाही वरीलप्रमाणेच आहेत असे मानल्यास, मूळ गाडीची मागील बाजू सुमारे ४९ मिलिमीटर बसते. तिच्याकडे ८० पैकी ३१ मिलिमीटर अंतर उरते. खाली आणलेली गाडी ताठ स्प्रिंगमुळे ४१ मिलिमीटर बसते, पण तिच्याकडे मुळात ४० मिलिमीटरच शिल्लक असतात. म्हणजे ती उभ्या जागीच बंप स्टॉपवर टेकलेली असते. अशा गाडीला मागील बाजूस स्प्रिंग आहे, असे केवळ नावापुरते म्हणता येईल. चिपळूणपर्यंत रुंद रस्त्याने ती निभावून नेईल. पुढे सड्यावरील पहिल्याच खोल खड्ड्यात तिचा आवाज सर्व प्रवाशांना ऐकू येईल.

गाडी बनविणारा अभियंता जे अंतर राखून ठेवतो, ते रिकामी गाडी पाहणाऱ्यास अनावश्यक वाटते. चाकाच्या वरच्या पोकळीत चार बोटे जातात, ते दिसण्यास बरे नाही, असा आक्षेप घेतला जातो. वास्तविक ती पोकळी म्हणजे भरलेल्या गाडीसाठी आणि वाईट रस्त्यासाठी ठेवलेली गंगाजळी आहे. उंची कमी करणारा ती एकाच दिवशी खर्चून टाकतो.

गतिरोधक आणि फेरीबोट

जमिनीपासूनच्या अंतराचा प्रश्न याहून वेगळा, पण तितकाच महत्त्वाचा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ सालच्या मार्गदर्शक संहितेत गतिरोधकाचा जो गोलाकार नमुना दिला आहे, त्याची रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर आणि वर्तुळाची त्रिज्या १७ मीटर आहे. पुढील व मागील चाकांत २.४ मीटर अंतर असलेली लहान मोटार या गतिरोधकावर पूर्णपणे चढते तेव्हा तिच्या पोटाखाली उंचवटा केवळ ४.२ सेंटिमीटर येतो. मात्र अनेक ठिकाणी आढळणारे अरुंद व खड्या बाजूंचे गतिरोधक दोन्ही चाकांच्या मधोमध येतात आणि त्यांची पूर्ण उंची पोटाखाली येते.

रिकाम्या स्थितीत जमिनीपासून १७० मिलिमीटर उंच असलेली मोटार ४० मिलिमीटर खाली आणली आणि भाराने तिचा मध्यभाग आणखी ३० मिलिमीटर बसला, तर १०० मिलिमीटर उरतात. संहितेनुसार बांधलेल्या गतिरोधकावरून ती ५८ मिलिमीटर राखून जाईल. दहा सेंटिमीटर उंचीच्या अरुंद गतिरोधकावर मात्र तिच्याजवळ काहीच शिल्लक राहणार नाही. गाडीच्या पोटाखाली इंजिनचे तेल साठविणारे जे भांडे असते, त्यास मेकॅनिक चेंबर म्हणतात. चेंबर फुटला तर तेल वाहून जाते, आणि तेलाचा दाब गेल्याचा दिवा लागूनही चालक पुढे जात राहिल्यास काही मिनिटांत इंजिनची बेअरिंगे जळतात. पन्नास रुपयांच्या ग्राइंडर-चकतीने केलेल्या बदलाची किंमत अशा वेळी संपूर्ण इंजिनच्या दुरुस्तीने मोजावी लागते.

फेरीबोटीवर चढताना हाच प्रश्न कोनाच्या रूपाने उभा राहतो. फळीवरून डेकवर येताना रस्त्याचा कोन एकदम बदलतो आणि त्या कंगोऱ्यावर गाडीचे पोट टेकण्याचा संभव असतो. वरील मोटार मूळ उंचीवर सुमारे १६ अंशांचा बदल पार करू शकते. खाली आणल्यावर ही मर्यादा १२ अंशांच्या जवळ येते आणि भरलेल्या स्थितीत साडेनऊ अंशांपर्यंत घसरते. फळीचा उतार भरती-ओहोटीनुसार बदलत असल्याने सकाळी विनासायास चढलेली गाडी संध्याकाळी अडकू शकते.

सांध्यांची आणि टायरची झीज

आजच्या बहुतेक लहान मोटारींत पुढील बाजूस मॅक्फर्सन स्ट्रट पद्धतीचे निलंबन असते. त्यात खालची भुजा, म्हणजे लोअर आर्म, गाडी योग्य उंचीवर असताना जवळजवळ आडवी असते. गाडी खाली आली की या भुजेचे आतील टोक खाली जाते. परिणामी बॉल जॉइंट आणि बुश कायमचे पिळलेल्या स्थितीत काम करू लागतात. याच रचनेमुळे आणखी एक विपरीत परिणाम घडतो. गाडीचे अंग वळणावर ज्या काल्पनिक केंद्राभोवती कलते, ते केंद्र कित्येकदा गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली जाते. त्यामुळे कलण्याची भुजा लांबते आणि खाली आणलेली गाडी वळणावर कमी कलण्याऐवजी अधिक कलू पाहते.

स्टिअरिंगचा टाय रॉडही तिरपा होतो आणि चाकांची समांतरता बिघडते. एखादे चाक केवळ ०.३ अंशाने तिरके राहिले तर ते प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे ५.२ मीटर आडवे घासत जाते. शंभर किलोमीटरच्या प्रवासात हे घासणे अर्ध्या किलोमीटरहून अधिक होते. टायरची एक कड झिजून तारा दिसू लागतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. बाहेरून टायर धडधाकट दिसतो, आणि झीज आतील कडेस असल्याने मालकाच्या सहसा लक्षात येत नाही. ओल्या रस्त्यावरील उतारावर ही बाब जिवावर बेतू शकते.

पुढील चाकांना गती देणाऱ्या एक्सलच्या दोन्ही टोकांचे सांधे ठरावीक कोनासाठी बनविलेले असतात. त्यांवर वंगण टिकवून धरणारे रबरी बूट असतात. कोन वाढला की बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात आणि रबर चिरते. पावसाळ्यात लाल मातीचे पाणी त्यातून आत शिरले की वंगण पॉलिश करण्याच्या मसाल्यासारखे वागू लागते. वळताना येणारा कटकट आवाज हे सांधा गेल्याचे लक्षण होय.

शॉक अ‍ॅब्सॉर्बरची, गॅरेजच्या भाषेत शॉकअपची, स्थितीही बिकट होते. त्याची दांडी आता नेहमीच अधिक आत राहते आणि तळाशी आपटण्याचा संभव वाढतो. स्प्रिंग वीस टक्क्यांनी ताठ झाल्यास तिची उसळी पूर्वीइतक्याच प्रमाणात शमविण्यासाठी सुमारे साडेनऊ टक्के अधिक अवरोध लागतो. तो मूळ शॉकअपमध्ये नसतो. तेलाची सील गळू लागते, उसळी वाढते आणि चाक क्षणभर रस्ता सोडते.

कापलेली स्प्रिंग आणि खारी हवा

स्प्रिंगेचे पोलाद विशिष्ट तापमानास पाणी देऊन कणखर केलेले असते. तिच्या पृष्ठभागावर बारीक छऱ्यांचा मारा करून थकवा सोसण्याची शक्ती वाढविलेली असते आणि वर गंजरोधक लेप असतो. ग्राइंडरने कापलेल्या टोकाशी हा लेप नाहीसा होतो आणि कापताना निर्माण झालेल्या उष्णतेने तेथील पोलादाची घडणही बदलते. गॅसने तापविलेल्या स्प्रिंगेत तर हा बिघाड कित्येक वेढ्यांवर पसरतो आणि ती दिवसेंदिवस बसत जाते. शिवाय स्प्रिंगेचे टोक ज्या खोबणीत बसावयाचे, तिचा आकार मूळ टोकाशी जुळविलेला असतो. कापलेले टोक तेथे नीट बसत नाही. चाक खड्ड्यावर लोंबकळले असता आखूड स्प्रिंग जागेवरून सुटू शकते.

हेदवीसारख्या समुद्रकाठच्या गावी त्यात खाऱ्या हवेची भर पडते. उघड्या पोलादावर गंजाचे बारीक खळगे पडतात. वारंवार येणाऱ्या ताणाखाली अशाच खळग्यातून तडा सुरू होतो. गंज आणि थकवा एकत्र आले की स्प्रिंग तिच्या अपेक्षित आयुष्याच्या पुष्कळ आधी तुटते. तुटलेले टोक टायरमध्ये घुसण्याचा धोका असतो.

ब्रेकवरील परिणाम आणि कायद्याची बाजू

काही मोटारींत मागील ब्रेकचा दाब नियंत्रित करणारा एक व्हॉल्व्ह मागील बाजूच्या उंचीशी जोडलेला असतो. मागील बाजू खाली गेली, म्हणजे गाडी भरलेली आहे, असा त्याचा हिशेब असतो. अशा गाडीची उंची कमी केल्यास रिकाम्या गाडीतही मागील चाकांना जादा दाब मिळतो. ओल्या उतारावर मागील चाके आधी अडकली की गाडी भोवऱ्यासारखी फिरते. घाटात अशा प्रसंगास दुसरी संधी क्वचितच मिळते.

कायद्यानेही हा विषय वाऱ्यावर सोडलेला नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या व नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेल्या निर्णयात या तत्त्वाचा पुनरुच्चार केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदेशीर बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही वाहनांच्या नमुन्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थांपैकी एक होय. जी गाडी चाचणीस उतरते, तिची उंची, ब्रेक आणि निलंबन ही एकमेकांशी बांधलेली असतात. त्यांतील एकच दुवा बदलला की चाचणी त्या गाडीस लागू राहत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मोटारीची उंची कमी करणे म्हणजे मुख्यतः तिचे दबाव-अंतर कमी करणे होय. अंतर निम्मे झाल्यास धक्का पचविण्याची शक्ती निम्म्याहून पुष्कळ अधिक घटते.

२) या बदलाची खरी परीक्षा रिकाम्या गाडीत व शहरी रस्त्यावर होत नाही. ती भरलेल्या गाडीत, पावसाळ्यात आणि चढ-उतारावर होते. म्हणूनच शहरात निर्धोक वाटलेला बदल गावाकडच्या प्रवासात घातक ठरतो.

३) झीज एकाच भागापुरती राहत नाही. बंप स्टॉप, बुश, बॉल जॉइंट, एक्सल बूट, शॉकअप आणि टायर ही साखळी क्रमाक्रमाने निकामी होते. केवळ बिघडलेला भाग बदलल्याने मूळ कारण दूर होत नाही.

४) आधीच खाली आणलेली गाडी घेतलेल्या मालकाने मूळ मापाच्या स्प्रिंगा व शॉकअप पुन्हा बसवावेत, व्हील अलाइनमेंट करून घ्यावे आणि टायरची आतील कड व एक्सलचे बूट पावसाळ्यापूर्वी तपासावेत. स्प्रिंगेच्या वेढ्यांत रबरी बफर अडकवून उंची वाढविणे हा त्यावरील उपाय नव्हे. त्यानेही काही वेढे निष्क्रिय होऊन स्प्रिंगेचे गणित नव्याने बिघडते.

सड्यावरून हेदवीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर पाच जणांचे कुटुंब घेऊन चाललेल्या मोटारीस चाकावरची ती चार बोटांची पोकळीच सांभाळून नेत असते. ती दिसण्यास कशी आहे, हा प्रश्न गाडी रिकामी उभी असेपर्यंतच महत्त्वाचा वाटतो.